आधी पाणी शोधा, मग गंज: जुन्या ऑफ-रोड गाडीची बॉडी घरच्या घरी नवी करताना

जुनी फोर-बाय-फोर दारात येऊन उभी राहिली की पहिला विचार रंगाचा येतो. छटा कोणती, मॅट की चकचकीत. हा विचार काही महिने बाजूला ठेवा. बॉडी नवी करणं म्हणजे आधी पाण्याचा माग काढणं. पत्रा उगाच कुठेही सडत नाही. जिथे पाणी किंवा चिखल शिरतो आणि बाहेर पडायला वाट सापडत नाही, तिथे तो सडतो. कुजलेला तुकडा कापून नवा जोडला, पण पाणी पूर्वीसारखंच साचत राहिलं, तर नव्या तुकड्याचीही तीच गत होते. म्हणून प्रत्येक भोकापाशी थांबून पाहायचं की इथे पाणी आलं कुठून आणि अडलं कशात. पुढची सगळी कामं याच्या उत्तरावर ठरतात.

शिकायला या गाड्या फार सोयीच्या आहेत. विलीज जीप, लँड रोव्हरची सीरीज मॉडेलं, टोयोटाची एफजे४० लँड क्रूझर, या सगळ्यांत शिडीसारखी चॅसिस वेगळी आणि तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी वेगळी. पत्रे बहुतेक सपाट, घड्या सरळ, आणि जवळजवळ प्रत्येक भाग पान्याने सुटतो. आजच्या बहुतेक कारमध्ये बॉडी हाच गाडीचा सांगाडा असतो, तिथे नवख्याने कापाकापी करू नये. इथे बॉडीत चूक झाली तर तुकडा पुन्हा कापून पुन्हा लावता येतो. ही सूट चॅसिसला मात्र नाही. चॅसिस, स्टिअरिंगचा आधार, स्प्रिंगचे हँगर, सीटबेल्ट जिथे अडकतात त्या जागा आणि ब्रेकशी संबंधित ब्रॅकेट यांत गंज दिसला तर ते काम अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्या.

आपल्या गाडीचं दुखणं ओळखा

१९४१ ते १९४५ या युद्धकाळातल्या जीपच्या फरशीखाली, पत्र्याला ताठपणा यावा म्हणून, उलट्या टोपीच्या आकाराच्या पन्हळी लावलेल्या असत आणि त्यांच्या आत लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या असत. ते लाकूड पाणी पितं आणि सोडत नाही. वरून फरशी धडधाकट दिसते, आणि खालची पन्हळ बोटाने दाबली तरी तिचा चुरा होतो. अशा जीपची फरशी वरून पाहून पास करू नका. गाडीखाली शिरा आणि त्या पन्हळींच्या टोकांपासून तपासायला लागा.

लँड रोव्हर लोकांसमोर आली ती एप्रिल १९४८ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या मोटर शोमध्ये. युद्धानंतर पोलादी पत्र्याची टंचाई होती, म्हणून बॉडीचे बाहेरचे पत्रे बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूचे केले गेले. त्यामुळे 'लँड रोव्हर गंजत नाही' असा समज पसरला. तो अर्धाच खरा आहे. चॅसिस पोलादी, दारांच्या चौकटी पोलादी, आणि इंजिन व माणसं यांच्यामधली मोठी भिंत, म्हणजे फायरवॉल, तीही पोलादी. ही भिंत पाय ठेवायच्या खोलगट जागांत आणि दाराच्या खांबांच्या तळाशी हमखास सडते. शिवाय ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना टेकले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. रिव्हेटभोवती, कडेच्या पट्ट्यांखाली रंग फुगलेला आणि आत पांढरी भुकटी दिसली तर ती हीच क्रिया.

एफजे४० मध्ये मागचे कोपरे, मागच्या दाराखालचा उंबरा आणि छताच्या कडेची पावसाची पन्हळ आधी पाहायची. गाडी तिसरीच कोणती असेल, तरी नियम तोच. जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढलेले आहेत, जिथे पोकळ पेटी आहे, जिथे चाकाने उडवलेला चिखल येऊन बसतो, तिथून सुरुवात करा.

हात लावण्याआधी

जागा कोरडी, छप्पर असलेली आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळणारी हवी. गाडीभोवती माणूस वाकून काम करू शकेल इतकं अंतर लागतं, आणि सुटे केलेले भाग ठेवायला गाडीएवढीच आणखी जागा. ही दुसरी गोष्ट सगळे विसरतात. चार मडगार्ड, बॉनेट, दारं, विंडस्क्रीनची चौकट आणि सीट जमिनीवर मांडल्या की अख्खं गॅरेज भरतं.

आता जिवाची काळजी. बॅटरी काढून दूर ठेवा. इंधनाची टाकी गाडीतून पूर्णपणे बाहेर काढा आणि कामाच्या जागेपासून लांब न्या. 'रिकामी' टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाकीवर वेल्डिंग घरी कधीच नको, धुतलेली असली तरी नको. आग विझवायचं सिलिंडर आणि पाण्याची बादली हाताशी असू द्या. वेल्डिंग संपल्यावर निदान अर्धा तास जागा सोडू नका, कारण सीटचा फोम, वायरिंगची टेप, खालचं डांबरी कोटिंग आतल्या आत धुमसत राहतं आणि माणूस जेवायला गेल्यावर पेट घेतं.

जुन्या रंगांत शिसं असू शकतं. त्याची कोरडी धूळ उडवू नका, पाणी लावून घासा किंवा केमिकलने रंग सोडवा, आणि पी-१०० (अगदी बारीक धूळ अडवणारा) किंवा त्या तोडीचा मास्क वापरा. साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही. मुलांना त्या जागेत येऊ देऊ नका आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका. ग्राइंडरचं गार्ड काढू नका. त्याच्यासोबत डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा आणि वर फेसशील्ड, दोन्ही हवेत. कपडे सुती, बाह्या घट्ट. सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर कधीही वेल्डिंग करू नका. त्या द्रवावर किंवा वाफेवर वेल्डिंगची आर्क, म्हणजे तिची प्रखर ज्योत, पडली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. वेल्डिंगआधी पत्रा पुसायला ॲसिटोन वापरा, तो पूर्ण उडून जाऊ द्या, आणि बाटली बाहेर नेऊन ठेवा.

खोलताना

खोलण्याआधी फोटो काढा, आणि वाटतात त्याच्या तिप्पट काढा. वायर कुठून जाते, वॉशर कोणत्या बाजूला आहे, बॉडी आणि चॅसिसमध्ये कुठल्या जागी किती पट्ट्या घातल्यात, हे सगळं. त्या पट्ट्या कचरा समजून फेकू नका. बॉडी सरळ बसावी म्हणून कारखान्यात किंवा नंतर कोणीतरी मुद्दाम घातलेल्या असतात. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर नाव लिहा. फक्त 'बॉनेट' असं लिहून भागणार नाही, 'बॉनेटची बिजागरी, डावी' असं लिहा.

चॅसिस क्रमांक, बॉडीची नेमप्लेट आणि त्यांचे मूळ रिव्हेट जपा. ज्या पत्र्यावर क्रमांक कोरलेला आहे तो कापायची वेळ आली, तर आधी तुमच्याकडच्या वाहन नोंदणीचे नियम पाहून घ्या.

पन्नास-साठ वर्षं न हललेला बोल्ट जोराने फिरवला की तुटतो. आदल्या संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल (आट्यांत झिरपणारं पातळ तेल) मारून ठेवा. सकाळी आधी किंचित आवळा, मग सैल करा, पुन्हा आवळा, पुन्हा सैल करा. असं पुढे-मागे केल्याने आट्यांतला गंज मोकळा होतो. नट पकडीत येत नसेल तर गरम करण्याआधी मागे रबर, वायर किंवा इंधनाची नळी नाही ना, ते पाहा. जिथे बोल्ट नवा मिळणार आहेच, तिथे उगाच झुंजू नका, पातळ कटिंग व्हीलने डोकं उडवा आणि पुढे चला.

तपासणी: स्क्रूड्रायव्हर, चुंबक आणि दिवा

सगळं सुटं झाल्यावर घाई न करता पूर्ण एक दिवस फक्त पाहण्यात घालवा.

हातोडीच्या दांड्याने पत्र्यावर हलके ठोके मारत जा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. गंजाने पातळ झालेला किंवा पुट्टी भरलेला पत्रा 'थप' असा मंद आवाज देतो. कान दहा मिनिटांत तयार होतो. शंका आली तिथे बोथट स्क्रूड्रायव्हरने टोचा. आत गेला तर जाऊ द्या, ते भोक तुम्ही पाडलेलं नाही, आधीच होतं. कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक पोलादी पत्र्यावर फिरवा, जिथे पकड ढिली होते तिथे खाली जाड पुट्टी आहे. लँड रोव्हरवर हेच चुंबक कोणता भाग पोलादी आणि कोणता ॲल्युमिनियमचा, ते सांगतं. शेवटी अंधार करून खालून दिवा धरा आणि वरून पाहा. सुईच्या टोकाएवढी भोकं तेव्हाच दिसतात.

जिथे जिथे गंज सापडेल तिथे खडूने खूण करा, आणि शेजारी पाणी कुठून आलं असेल ते लिहा. विंडस्क्रीनच्या चौकटीखालचं रबर कडक झालंय. फरशीचं पाणी जायचं भोक डांबराने बुजलंय. रबरी मॅटखाली ओलावा राहतो. मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेवर चिखल बसतो. ही यादी सांभाळून ठेवा, जोडणीच्या वेळी तिचीच गरज पडते.

वरवरचा गंज, खड्डे पडलेला गंज आणि आरपार गंज, असे तीन प्रकार धरा. पहिला घासून जातो. दुसरा घासल्यावर पत्रा किती उरला यावर ठरतो, मूळ जाडीचा तिसरा हिस्सा गेला असेल तर माझ्या मते तो तिसऱ्यातच मोजावा. तिसऱ्याला कापण्यावाचून इलाज नाही. भोकावर फायबर आणि पुट्टी लावून वर रंग मारणं ही निव्वळ मलमपट्टी आहे. पुट्टीखाली गंज वाढत राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत फुगवटा घेऊन बाहेर येतो.

घासणं

जुना रंग वर सांगितल्याप्रमाणे धूळ न उडवता आधी उतरवा, मग मोठ्या सपाट पत्र्यावर ग्राइंडरला जाळीदार स्ट्रिपिंग डिस्क लावा. ती गंज काढते, चांगला पत्रा फारसा खात नाही. फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) पत्रा खाते आणि एका जागी रेंगाळली तर तापवून वाकवते, म्हणून ती वेल्ड सपाट करण्यापुरती ठेवा. सँडब्लास्टिंग चॅसिस, ब्रॅकेट आणि चाकांसाठी उत्तम. बॉनेटसारख्या रुंद पत्र्यावर मात्र जास्त दाबाने वाळू मारली की पत्रा ताणला जाऊन लाटांसारखा होतो आणि तो पूर्ववत करणं फार कठीण जातं. बाहेरून करून घेत असाल तर बॉनेट आणि बाजूचे पत्रे तिकडे देऊ नका.

बिजागऱ्या, कड्या, छोटे ब्रॅकेट यांच्यासाठी घरी करण्यासारखी सुंदर पद्धत म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, लिटरमागे साधारण एक चमचा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला. दोन्ही तुकडे एकमेकांना टेकता कामा नयेत. काही तासांत गंज सैल होतो आणि ब्रशने निघतो. धन बाजूला स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. यात हायड्रोजन निघतो, तेव्हा टब उघड्यावर ठेवा, आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. ॲल्युमिनियमचा भाग या टबात घालू नका, सोडा त्याला खातो.

उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने आणि हाताच्या घामाने त्यावर सकाळपर्यंत तांबूस झाक येते. जेवढं त्या दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढंच घासा.

कापण्याआधी आधार

उत्साहाच्या भरात हीच पायरी सुटते. उघड्या जीपच्या टबला, म्हणजे बॉडीच्या मुख्य डब्याला, वर छप्पर नसतं, त्याचा बहुतेक ताठपणा फरशी आणि तिच्या खालच्या पन्हळींतून येतो. फरशी कापली की बाजू हळूच आत किंवा बाहेर सरकतात. नंतर नवी फरशी त्या सरकलेल्या आकारात पक्की होते आणि दार कधीच नीट लागत नाही.

म्हणून बॉडी चॅसिसवरच, तिच्या सगळ्या बोल्टांवर बसलेली असताना कापा. दाराच्या मोकळ्या जागेत आडवी आणि तिरकी चौकोनी नळी वेल्डच्या छोट्या टाक्यांनी जोडा, दोन बाजूंमध्येही एक आडवा आधार द्या. मग दोन्ही कर्ण मोजा. दाराच्या चौकटीचे वरचा-पुढचा ते खालचा-मागचा आणि त्याच्या उलट, तसेच पूर्ण टबचेही. आकडे पत्र्यावरच मार्करने लिहा. डावी-उजवी बाजू ताडून पाहा. दार, बॉनेट आणि विंडस्क्रीन सैल बोल्टांवर एकदा लावून पाहा. लँड रोव्हरमध्ये हे जास्तच महत्त्वाचं, कारण फायरवॉल काही मिलिमीटर पुढे-मागे झाली की दारं, बॉनेट आणि मडगार्ड सगळेच तिच्यामागून जातात.

एका वेळी एकच जागा कापा. डावी फरशी पूर्ण बसवा, मगच उजवीला हात लावा.

एक ठिगळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

ड्रायव्हरच्या पायाखालचा कोपरा घेऊ, कारण जवळपास प्रत्येक गाडीत तो गेलेला असतो.

गंज दिसतो तिथे कापू नका. त्याच्या पलीकडे, घासल्यावर चांदीसारखा स्वच्छ आणि पूर्ण जाडीचा पत्रा लागतो तिथे रेघ मारा. बहुधा ही रेघ वाटलं होतं त्याच्या दुप्पट मोठी होते. हात आखडता घेऊ नका. पातळ पत्र्यावर मारलेला वेल्ड टिकत नाही, कडेला नवं भोक पडतं, ते भरायला गेलं की त्याच्या कडेला आणखी एक. कापलेल्या भागाचे कोपरे काटकोनी न ठेवता गोलाकार करा, तीक्ष्ण कोपऱ्यात ताण साचतो आणि उष्णताही. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याएवढ्या वेल्डने, दोन पत्रे जोडले आहेत तिथे प्रत्येक स्पॉटवर खास ड्रिल चालवून वरचा पत्रा सोडवा, खालचा शाबूत राहतो.

आता पुठ्ठ्याचा साचा करा. घडी, उतार, बोल्टची भोकं सगळं पुठ्ठ्यावर आधी जमवा, पुठ्ठा पाहिजे तितक्या वेळा फेकता येतो. मग तो पत्र्यावर आखा. जाडी मूळ पत्र्याइतकीच घ्या, बहुतेक जुन्या टबना १ ते १.२ मिमी चालतो. 'मजबूत होईल' म्हणून जाड पत्रा लावला तर वेल्ड करताना जुना पातळ पत्रा आधी वितळतो. ठिगळ जागेत बसल्यावर चारही बाजूंनी अर्धा ते एक मिमी फट राहायला हवी. फटच नसेल तर तापल्यावर पत्रा फुगायला जागा शोधतो आणि वर उचलतो.

दिसणाऱ्या जागी ठिगळ कडेला कड लावून जोडा. फरशीत एकावर एक चढवलेला जोड सोपा जातो आणि नवख्याने तो वापरायला हरकत नाही. फक्त त्या दोन पत्र्यांच्या मधे पाणी शिरायला नवी जागा तयार होते हे लक्षात ठेवा. चढणाऱ्या पट्टीवर आधी वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर (ज्याच्यावरून वेल्डिंग करता येतं तो) द्या आणि नंतर दोन्ही बाजूंनी सीम सीलर, म्हणजे जोड बुजवणारी लवचीक लांबी, लावा.

वेल्डिंगचं मशीन मिगचंच घ्या, म्हणजे ज्यात तार आपोआप पुढे सरकते आणि गॅस वेल्डला झाकतो ते. तार ०.६ मिमी, गॅस आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. साधं आर्क वेल्डिंग या पत्र्याला फार गरम पडतं, आणि गॅसशिवायची फ्लक्स तार चटकन भोक पाडते. अर्थिंगचा चिमटा कामाच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर लावा. गाडीवर येण्याआधी त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यांवर हात बसवा, आणि प्रत्येक टाका उलटून मागून पाहा. मागच्या बाजूला छोटा फुगीर ठिपका आणि भोवती निळसर वलय दिसलं तर उष्णता आरपार गेली. मागे काहीच खूण नसेल तर वरचा सुंदर गोळा नुसता चिकटलेला आहे, ग्राइंडर लागताच निघून येईल.

ठिगळावर आधी चार कोपऱ्यांत एकेक टाका. मग प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक. मग त्यांच्या मधोमध, असं करत दोन टाक्यांत ३० ते ४० मिमी अंतर राहीपर्यंत. एक टाका इथे मारला की पुढचा सर्वांत लांबच्या टोकाला. सलग रेघ ओढायचा मोह होतो, तो टाळा. अर्ध्या मिनिटात पत्रा तापून वाकडा होतो. टाक्याला हात लावून पाहण्याइतका थंड होऊ द्या, मगच शेजारी दुसरा. पाणी मारून थंड करू नका. मधल्या मोकळ्या जागा भरत गेलात की शेवटी ओळ आपोआप पूर्ण होते. कुठे भोक पडलंच तर मागे तांब्याची जाड पट्टी दाबून धरा आणि कडेपासून भरत या, वितळलेलं पोलाद तांब्याला चिकटत नाही.

मग वेल्ड घासा, पण पत्र्याच्या पातळीपाशी येताच थांबा. पुन्हा खालून दिवा धरा. प्रकाशाचा एकही ठिपका दिसला तर तो टाका पुन्हा मारा. सीलरने झाकलेली भोकं नंतर गळतात.

जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचं असेल तर कडेचं जस्त आधी घासून टाका. त्याच्या धुराने ताप, थंडी आणि अंगदुखी येते.

ॲल्युमिनियमचे पत्रे

इथे माझा सल्ला सरळ आहे, नवख्याने ॲल्युमिनियम वेल्ड करू नये. ते वितळण्याआधी रंग बदलत नाही, त्यामुळे कधी खाली गळून पडेल ते कळत नाही. फाटलेला भाग टिग (बारीक, काबूत राहणाऱ्या आर्कचं वेल्डिंग) करणाऱ्या अनुभवी वेल्डरकडे द्या किंवा पूर्ण पत्रा बदला. लँड रोव्हरचे पत्रे मुळात रिव्हेट आणि बोल्टने जोडलेले असल्याने बदलणं अवघड नाही. मात्र पुन्हा जोडताना ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना उघडे टेकू देऊ नका. दोन्हींवर प्रायमर, मध्ये सीलरचा पातळ थर किंवा रोधक टेप, मग रिव्हेट. एवढ्याने ती पांढरी भुकटी कित्येक वर्षं लांब राहते.

पोचे

पोचा ज्या क्रमाने पडला त्याच्या उलट क्रमाने काढतात. शेवटी पडलेली वळी आधी, म्हणजे कडेकडून मध्याकडे. मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून बाहेरून हलके, पुष्कळ ठोके मारा. डॉलीच्या बरोबर वर ठोका पडला की पत्रा ताणून मोठा होतो, म्हणून डॉली खोलगट भागाखाली आणि हातोडी शेजारच्या उंचवट्यावर ठेवा. पत्रा दाबला की आत, सोडला की बाहेर असा टकटक वाजू लागला तर तो ताणला गेलाय, ठोकणं थांबवा. शेतात, डोंगरात राबलेल्या गाडीचा प्रत्येक पोचा काढायलाच हवा असंही नाही. पाणी साचत नसेल आणि रंग फुटलेला नसेल, तर मी तो राहू देईन.

प्रायमर, पुट्टी, रंग

उघड्या पोलादावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर द्या. तो पाणी अडवतो, जे साधा प्रायमर नीट करत नाही. पुट्टी त्याच्यावर, डब्यावर दिलेल्या मुदतीत आणि हलकं घासून. ॲसिड-एच (आम्लाने पत्रा किंचित खाऊन पकड घेणाऱ्या) प्रायमरवर थेट पुट्टी लावू नका, ती नीट वाळत नाही. पुट्टीत हार्डनर (ती कडक करणारा घटक) वजनाने सुमारे २ टक्के. जास्त घातला तर वरचा रंग डागाळतो. एकूण जाडी ३ मिमीच्या आत ठेवा, त्याहून जास्त लागत असेल तर पत्र्यावर अजून काम बाकी आहे. घासायला लांब ब्लॉक वापरा, नुसती बोटं नकोत. ८० नंबरच्या पेपरने आकार आणा, मग १२०, मग १८०, आणि हे सगळं कोरडं, मास्क लावून. पुट्टी पाणी शोषते, पाण्याने घासली तर तो ओलावा रंगाखाली अडकतो. नंतर पुन्हा प्रायमर, त्यावर गडद पावडरचा हलका हात, आणि ३२० ते ४०० ने घासणं. जिथे गडद रंग उरला तिथे अजून खळगा आहे.

रंगाच्या बाबतीत मी आग्रही आहे. हार्डनरवाले टू-के, म्हणजे दोन घटकांचे, रंग घरी फवारू नका. त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि साध्या मास्कवर त्यात विसंबता येत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. तशी झळाळी हवी असेल तर बॉडी प्रायमरपर्यंत तयार करा आणि रंग बूथमध्ये करून घ्या. घरी करायचा तर हार्डनर न घातलेला एनॅमल फोम रोलरने लावा. या गाड्यांचे मूळ रंग बहुतेक साधे, एकरंगी होते आणि सपाट पत्र्यावर रोलर छान चालतो. रंग किंचित पातळ करून अगदी तलम थर द्या, मऊ ब्रशच्या टोकाने बुडबुडे मोडा, एक दिवस वाळू द्या, ६०० ने पाणी लावून हलकं घासा, पुन्हा थर. चार-पाच थरांत रंग भरून येतो. दव पडायच्या वेळेआधी काम थांबवा. आणि पूर्ण कडक व्हायला काही आठवडे द्या, तोवर बोल्ट आवळले तर वॉशरखाली रंग सरकतो.

जोडणी आणि पाण्याला वाट

आता खडूच्या खुणांवरून केलेली ती यादी काढा.

प्रत्येक जोडावर सीम सीलर, पण पोकळ पेटीच्या सर्वांत खालच्या कडेला नको. तिथे पाणी बाहेर पडायला हवं. बुजलेली सगळी भोकं उघडा, आणि जिथे मुळातच भोक नव्हतं पण पाणी साचत होतं तिथे ८ ते १० मिमीचं पाडा, कडेला प्रायमर लावा. जीपच्या पन्हळीत गाडी अगदी मूळ रूपातच हवी असेल तरच लाकूड घाला, आणि तेही सगळ्या बाजूंनी इपॉक्सी पाजून. एरवी बोल्टच्या जागी पोलादी नळीचे तुकडे घालून बाकी पन्हळ मोकळी ठेवलेली बरी. बॉडीखालचे रबरी पॅड नवे घाला. बोल्ट सगळे सैल लावून, दारं आणि बॉनेटच्या फटी जुळवून, मग आलटून-पालटून आवळा. जुन्या पट्ट्या त्यांच्या जागी.

पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) लांब नळीने फवारा. वेल्डच्या मागच्या बाजूला प्रायमर पोचलेला नसतो, तिथे वॅक्स हाच एकमेव रक्षक. फवारताना ते तळाच्या भोकातून ठिबकू लागलं की आत सगळीकडे पोचलं असं समजा, आणि ठिबकणं थांबल्यावर भोक तारेने पुन्हा मोकळं करा. फरशीवर जाड रबरी मॅट चिकटवून टाकू नका. उचलता येईल अशी, खालून हवा खेळेल अशी टाका.

शेवटी एका माणसाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि पाइपने पाणी मारा, खालून वर. आधी फरशीच्या जोडांवर, मग दारांवर, मग विंडस्क्रीनवर. वरून सुरुवात केली तर गळती नेमकी कुठली ते कळत नाही, कारण पाणी आत शिरून भलतीकडेच बाहेर पडतं. गळेल तिथे खूण करा, वाळू द्या, सील करा, पुन्हा मारा. पहिल्या पावसाळ्यानंतर मॅट उचलून पाहा, तळाच्या भोकांतून तार फिरवा, आणि जिथे वॅक्स धुऊन गेलंय तिथे पुन्हा द्या.